वर धरलेला हार

"दार उघडू नको गं, अजून फिल्म पाण्यात हाय," आतून सर्जेमामा ओरडला.

मी त्याच्या न्हाणीघराबाहेर चहाचा कप घेऊन उभी होते. लग्नाला आठवडा झाला होता. अंगावरची हळद पुरती उतरलीही नव्हती. मांडव परतायला म्हणून आदल्या दिवशीच कागलहून कोल्हापूरला माहेरी आले होते आणि सकाळ होताच मामाचं घर गाठलं होतं. माझ्या लग्नाचे फोटो मामानेच काढले होते आणि फिल्म तो दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकून, बंबाशेजारी ट्रे मांडून तो स्वतः धूत असे.

पाण्याचा आवाज थांबला.

"मामा, झालं का?"

"झालं," तो म्हणाला. आवाज कसासाच आला.

दार उघडून तो बाहेर आला. ओल्या फिल्मचं एक टोक चिमट्यात धरून त्याने ती खिडकीच्या उजेडात उंच केली. निगेटिव्ह मी लहानपणापासून बघत आले होते. त्यातले काळे चेहरे आणि पांढरे केस ओळखायची मला सवय होती. ह्या फिल्ममध्ये ना चेहरे होते ना केस. नुसती स्वच्छ पट्टी. परसातलं शेवग्याचं झाड तिच्यातून आरपार दिसत होतं.

"कोरी?" मी विचारलं.

"कोरी."

"कुठली रे ही?"

"मुहूर्ताची," मामा म्हणाला आणि बंबाशेजारच्या पाटावर मटकन बसला.

सर्जेमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ऑइल इंजिनच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान होतं. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे दुकानातून जे येई ते हौसेत जाई, आणि हौशी काही थोड्याथोडक्या नव्हत्या. दारात एक जुनी मॉरिस गाडी होती. ती तो हँडल मारून चालू करायचा आणि ती कधी त्याचा शब्द खाली पडू देत नसे. माजघरात रेकॉर्ड होत्या, जाड काळ्या, प्रत्येकीला आईच्या जुन्या लुगड्याची खोळ. माळ्यावर कॉमिक्सच्या ट्रंका. दहा-दहा अंक एकत्र बांधून त्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेले. पन्नाशीला टेकलेला हा माणूस रविवारी दुपारी चटईवर पालथा पडून कॉमिक वाचायचा आणि दारात उभं राहून पाहुणे खाकरले तरी पान संपल्याशिवाय उठायचा नाही.

"ह्यात एवढं काय असतं रे?" मी एकदा विचारलं होतं.

"एका चौकटीत माणूस कड्यावरनं उडी मारतो," तो म्हणाला. "पुढच्या चौकटीत घोड्यावर बसलेला असतो. मधली उडी कुणी काढलेलीच नसती. ती आपण बघायची. तीच खरी."

असलं काहीतरी तो बोलायचा आणि मला पटायचं. नव्या गाड्यांना आवाज आहे पण घसा नाही, रेडिओवरचं गाणं म्हणजे उसनं गाणं आणि रेकॉर्डवरचं म्हणजे घरचं, रंगीत फोटोत माणसाच्या आधी साडी दिसते, ही त्याची मतं मला पाढ्यांसारखी पाठ होती. आमच्या आबांना मात्र त्याचं काहीच पटत नसे. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं ते त्याच्या तोंडावर म्हणायचे. मामा हसून सोडून द्यायचा, कारण त्याचा तसा कुणावर भार नव्हता आणि लग्नकार्यात त्याच्या ह्याच चिंध्या सगळ्यांना लागायच्या.

माझ्या लग्नात तर त्याने सगळंच अंगावर घेतलं होतं. नवरदेवाला आणायला मॉरिस फुलांनी सजवून नेली. सनईवाले परवडत नाहीत म्हणून मांडवात स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर मांडला आणि सनईची रेकॉर्ड लावली. गळ्यात जर्मन कॅमेरा होताच. मुहूर्ताला थोडा वेळ असताना तो कॅमेऱ्यात नवा रोल घालत होता. फिल्मची जीभ पलीकडच्या चक्राच्या खाचेत अडकवायची, मग चावी ओढायची आणि डावीकडचं बटन आपोआप फिरतंय का ते बघायचं. फिरलं, म्हणजे फिल्मने पकडलं. नेमकी त्याच वेळी रेकॉर्ड संपली आणि सुई खर्रखर्र करायला लागली. ऐन मुहूर्तावर सनई बंद म्हणजे अपशकुन! मामाने कॅमेऱ्याचं झाकण पटकन लावलं आणि रेकॉर्ड उलटी करायला धावला. बटन बघायचं राहून गेलं.

अंतरपाट, हार, सप्तपदी, सगळ्यांवर त्याने खटाखट बटन दाबलं. रोल संपायला हवा तिथेही संपला नाही, तर ह्याला वाटलं आज फिल्म उदार झाली आहे. आत फिल्म जागची हलली नव्हती.

दुसरा रोल त्याने निवांत घातला होता, आणि तो झकास आला होता. तो पंगतीचा होता. भात कालवणारे चुलते, जिलेबीचा घास अर्धा तोंडात असलेल्या आत्या, ताटावर आडवा हात धरून नको नको म्हणणारे पाहुणे. दोनशे माणसं जेवताना दिसत होती आणि लग्न कुठेच नव्हतं.

"चल, गाडीत बसू," मामा म्हणाला.

महत्त्वाचं बोलायचं असलं की मामा गाडीत बसून बोलायचा. गाडी दारात उभीच असली तरी. तो स्टिअरिंगशी, मी शेजारी, समोर दुकानाची पत्र्याची शेड.

"कागलला जाऊन सांगायला पायजे," तो म्हणाला. "विहीणबाई काय म्हणतील देव जाणे."

मला एकदम रडू फुटलं. मामा बिचारा गडबडला.

"अगं, रडू नको. चूक झाली खरी. तुझे शंभर फोटो काढून देतो, रंगीत काढून देतो म्हणशील तर."

"फोटोंचं नाही रे मामा."

"मग?"

"सोमवारी माझी रजा संपते. आणि आत्याबाई म्हणतात, राजीनामा दे."

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझी नोकरी कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची होती. कानाला हेडफोन लावून समोरच्या बोर्डावर दोऱ्या जोडायच्या आणि मुंबईला कोल्हापूर, कोल्हापूरला बेळगाव लावून द्यायचं. दीड हजार मुलींच्या अर्जांतून आम्हा अकराजणींना घेतलं होतं. लग्नाच्या बैठकीत आबांनी मुद्दाम हा विषय काढला होता. आत्याबाईंचे भाऊ मोठ्या आवाजात म्हणाले होते, "करू दे की नोकरी! कागल काय लंकेत हाय?" त्यावर चहा आला, सुपारी फुटली आणि लग्न ठरलं. मी पडद्याआडून ऐकलं होतं, आणि त्या एका वाक्यावर हो म्हटलं होतं. नवऱ्याचा चेहरा मी तेव्हा धड बघितलाही नव्हता.

आणि लग्नाच्या चौथ्या दिवशी, मी भाकरी थापत असताना आत्याबाई म्हणाल्या, "माहेरी चाललीच हाईस तर राजीनामा टाकून ये. रात्रपाळी करणारी सून आमच्यात चालत न्हाई. लोकं काय म्हणतील?"

"मग जयवंतराव काय म्हणाले?" मामाने विचारलं.

"तिथंच बसले होते, चहा पीत. बशीत ओतून पीत होते. बशी संपली, पुन्हा ओतला."

"म्हणजे काहीच न्हाई बोलले?"

"एक अक्षर नाही."

"आबांना सांगितलंस?"

"काल रात्रीच. म्हणाले, नवीन नवीन असतं, जुळवून घे, पुढचं पुढं बघू. पुढं काय बघायचं मामा? सोमवारी गेले नाही तर संपलंच की सगळं. तू बोल ना त्यांच्याशी. बैठकीला तू होतास."

मामाने स्टिअरिंगवरची धूळ हाताने पुसली. पुसलेल्या जागी पुन्हा पुसलं.

"दुसऱ्या कुठल्या दिवशी बोललो असतो गं," तो म्हणाला. "आज कुठल्या तोंडानं बोलू? त्यांच्या एकुलत्या पोराचं लग्न मी घालवून बसलोय. आज मी त्यांच्यापुढं चोर हाय."

मला त्याचा राग आला नाही, पण आधार मात्र सुटला. घरात माझ्या बाजूने बोलेल असा तो एकच माणूस होता आणि त्याची जीभही त्या कोऱ्या फिल्मबरोबर गेली होती.

मामा त्याच दिवशी कागलला जाऊन आला. पंगतीचे फोटो त्याने नेले होते, म्हणजे अगदीच रिकामा हात नको. परत येऊन अंगणातच सगळं सांगितलं. आत्याबाईंनी एकेक फोटो बघितला म्हणे, आणि शेवटी म्हणाल्या, "आम्ही लग्नाला आलो व्हतो का जेवायला?" त्यांनी सागवानी चौकट आधीच करून आणली होती. सोप्यात खिळा मारून ती टांगलीही होती, नुसती काच आणि पुठ्ठा. थोरली लेक बाळंतपणामुळे लग्नाला येऊ शकली नव्हती, तिला काय दाखवायचं हाही प्रश्न होता.

"मग?" आईने विचारलं.

"मग म्हणाल्या, रविवारी आम्ही सुनेला न्यायला येतोय. तेव्हा पुन्हा उभं करा दोघांना. शालू, मुंडावळ्या, हार, सगळं. आणि काढा फोटो."

आबा उसळलेच. "लग्न म्हणजे काय नाटक हाय? पुन्हा मंत्र म्हणायचे न्हाईत, सांगून ठेवतो. आणि अक्षता तर अजिबात न्हाईत. अक्षता एकदाच पडतात."

"फोटोत अक्षता पायजेत म्हणाल्या त्या," मामा खालच्या मानेने म्हणाला.

"मग चुरमुरे टाका!" आबा म्हणाले आणि आत निघून गेले.

ते रागाने बोलले होते, पण मामाने विचार केला आणि चुरमुरेच आणले. काळ्या-पांढऱ्या फोटोत तांदूळ काय नि चुरमुरे काय, कुणाला कळणार होतं!

रविवारी दुपारी आमच्या अंगणात माझं दुसरं लग्न मांडलं गेलं. वैशाखाचं ऊन होतं आणि आभाळात वळवाचे ढग फिरत होते. मांडव केव्हाच उतरला होता, म्हणून मामाने भिंतीला आईची पैठणी टांगली. पाट मांडले. खुर्चीवर रेकॉर्ड प्लेअर ठेवून सनई लावली, कारण सनई नसली तर माणसांचे चेहरे लग्नासारखे दिसत नाहीत, असं त्याचं म्हणणं. कॅमेरा ह्या वेळी तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला होता. रोल घालून त्याने बटन फिरतंय का ते तीनदा बघितलं, मला दाखवलं, आईला दाखवलं.

मी शालू नेसले. पहिल्या वेळी छाती धडधडत होती, आता नुसतं उकडत होतं. ट्रंक भरून तयार होती. फोटो झाले की चहा, आणि चहा झाला की कागल. एक्स्चेंजमधल्या माझ्या मैत्रिणीला मी निरोपसुद्धा पाठवला नव्हता. काय पाठवणार?

आत्याबाई हिरवी इरकल नेसून आल्या होत्या. त्यांनी स्वतः माझ्या मुंडावळ्या सरळ केल्या. "जरा हस गं. चौकटीत जन्मभर असंच दिसायचं हाय," म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांचं जग कागलच्या वेशीपाशी संपत होतं, एवढंच.

माझ्या दोन चुलतभावांनी अंतरपाट धरला. शेजारच्या बायका चुरमुऱ्यांच्या मुठी घेऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक निम्मे खाऊन बसली म्हणून हशा झाला. मामाने डोक्यावर काळं कापड घेतल्यासारखं वाकून कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाला, "अंतरपाट सोडा. शालन, हार उचल. वर. अजून वर. हां, आता घालायचा न्हाई. तसाच धर."

मी हार वर धरला. निशिगंधाचा होता, पाणी मारलेला, चांगलाच जड. तेवढ्यात ऊन गेलं.

"हलू नका," मामा म्हणाला. "ढग हाय. जाईल आत्ता. हार तसाच."

खऱ्या लग्नात हार कधी गळ्यात पडला ते मला कळलंही नव्हतं. कुणी पाठीमागून ढकललं, कुणी जयवंतरावांना वर उचललं, टाळ्या झाल्या आणि झालं. आता कुणी ढकलत नव्हतं. मामा उन्हाची वाट बघत होता. आणि मी दोन्ही हात वर करून, नवऱ्याच्या चेहऱ्यासमोर हार धरून, त्याच्याकडे बघत उभी होते. सरनोबतांचा जयवंत. कानाजवळ दाढी करताना कापलेलं. डोळ्यांखाली घाम. सवयीने खाली बघायचे, पण आता हलायचं नाही म्हणून त्यांनाही समोर बघावंच लागत होतं.

मी मनाशी म्हटलं, हा हार मी घालणार आणि उद्या सकाळी माझ्या खुर्चीवर दुसरी कुणी बसणार. एकदा न कळता घातला. आता कळून घालायचा?

ऊन आलं. सगळं अंगण लख्ख झालं.

"हां! घाल आता," मामा म्हणाला.

मी घातला नाही.

"शालन, घाल की. ऊन जाईल पुन्हा."

"नाही घालणार," मी म्हटलं.

लोकांना वाटलं मी चेष्टा करते आहे. कुणीतरी चुरमुरेही टाकले. ते माझ्या केसांत अडकले.

"उद्या सोमवार आहे," मी म्हटलं. आवाज मलाच परका वाटला. "उद्या माझी ड्युटी आहे. जायचं की नाही ते आधी सांगा."

"ही काय नाटकं?" आत्याबाई पुढे आल्या.

"नाटकच आहे की आत्याबाई हे. खरं होतं तेव्हा मी कुठं काय बोलले?"

"शालन!" आबा ओट्यावरून ओरडले. "हार घाल. तमाशा नको."

माझे हात वरच होते. खाली घेतले असते तर संपलं असतं, एवढं मला कळत होतं. कुणीतरी हसून वेळ मारून नेली असती, चहा झाला असता आणि मी ट्रंकेसकट गेले असते.

तेवढ्यात मामा कॅमेरा सोडून निघाला. मला वाटलं माझी समजूत घालायला येतोय. तो माझ्या अंगावरून पुढे गेला, वळला आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. लग्नात मुलीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो, ही आमची रीत. माझ्या मुहूर्तावर मामा कॅमेऱ्यामागे होता म्हणून आईच्या एका चुलतभावाला तिथे उभं केलं होतं. आता त्या जागेवर तो आला आणि त्याने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"विहीणबाई," तो म्हणाला, "रोल कोरा गेला, ती माझी चूक. त्याबद्दल काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेतो. पण बैठकीत तुमच्या बंधूंनी माझ्यादेखत शब्द दिला, पोरीची नोकरी चालू राहील म्हणून. ह्यात आमची चूक न्हाई."

"खरं हाय," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली. आबांसमोर तिला असं मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"शब्द दिला म्हणून काय रात्री-अपरात्री सून बाहेर पाठवायची?" आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या घरात असलं कधी झालं न्हाई. जयवंत, तू सांग हिला. बोल की!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. रेकॉर्ड संपली होती. सुई खर्रखर्र करत होती आणि ह्या वेळी ती उलटायला कुणी धावलं नाही. जयवंतरावांनी आपल्या आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग कुठे तरी वर, हाराच्या बाजूला. मला वाटलं, आता हे बशीत चहा ओतणार.

"किती वाजता?" ते म्हणाले.

"काय?"

"उद्याची ड्युटी."

"सातला," मी म्हटलं.

ते मनाशी हिशेब करत असावेत. "मग सहाची एस.टी. गाठायला लागंल. त्याच्या आधीची गाडी निपाणीची, ती उशिरा येती कधी कधी. मी येतो स्टँडवर सोडायला."

एवढंच. आत्याबाईंना काही म्हणाले नाहीत, मला काही वचन दिलं नाही. मुंडावळ्या एका हाताने बाजूला केल्या आणि डोकं खाली वाकवलं.

मी हार घातला. मामाचे हात माझ्या खांद्यांवरच होते. बायकांनी उरलेले चुरमुरे टाकले, आणि मला तेव्हा पहिल्यांदा आपलं लग्न झाल्यासारखं वाटलं. माझी छाती इतकी धडधडत होती की मामालाही ते हाताखाली कळलं असणार.

"निघाला का फोटो?" थोड्या वेळाने आत्याबाईंनी विचारलं.

"कसा निघंल?" मामा म्हणाला. "कॅमेऱ्यामागं कोण हाय?"

त्यांनी कपाळावर हात मारला. पुन्हा घाला म्हणाल्या नाहीत. पुढे आभाळ भरूनच आलं, तेव्हा मामाने घाईघाईने आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं करून, आत्याबाईंना मधे घेऊन जमेल तेवढे फोटो काढले. त्यातला एक सागवानी चौकटीत गेला. त्यात आत्याबाईंच्या कपाळावर तीन आठ्या आहेत. बघणाऱ्याला त्या उन्हाच्या वाटतात, आणि ऊन नव्हतं हे त्याला कोण सांगणार.

आत्याबाई दोन महिने माझ्याशी मोजकंच बोलल्या. मग हळूहळू बोलायला लागल्या, ट्रंक कॉल लवकर लावून हवा असला की शेजारणींना माझं नाव सांगायलाही लागल्या. ती नोकरी मी पुरी केली. दोऱ्यांचे बोर्ड गेले, यंत्रं आली, पुढे एक्स्चेंजची ती खोलीच बंद झाली. मामा गेला त्यालाही आता खूप वर्षं झाली. मॉरिस एका हौशी माणसाने नेली, कॉमिक्सच्या ट्रंका माझ्याकडे आहेत. रविवारी दुपारी कधी कधी मी चटईवर पालथी पडते आणि पान संपल्याशिवाय उठत नाही.

पण सांगायचं आहे ते त्या सोमवारचं.

पहाटे कागलच्या स्टँडवर आम्ही दोघं उभे होतो. आठवडाभर एका घरात राहून आम्ही दोघं कधी एकटे बोललो नव्हतो. कँटीनवाल्याने नुकतीच शेगडी पेटवली होती. जयवंतरावांनी दोन चहा आणले. माझा कपात आणि त्यांचा बशीत. बशी बघून मला हसू आलं आणि हसू आलं म्हणून धीर आला.

"एक विचारू?" मी म्हटलं.

"विचार."

"त्या दिवशी घरात आत्याबाई राजीनाम्याचं बोलल्या तेव्हा तुम्ही गप्प बसलात."

"व्हय."

"का?"

"तू पण गप्प व्हतीस. मला वाटलं, तुला चालतंय."

हे खरंच होतं, आणि खरं असल्यामुळे मला थोडा रागही आला.

"आणि काल मग? काल कसे काय बोललात एकदम? आईसमोर कधी बोलत नाही म्हणे तुम्ही."

त्यांनी बशी संपवली. बाकावर ठेवली.

"बोलायचं काय ठरवलं नव्हतं," ते म्हणाले. "तुझे हात थरथरायला लागले व्हते. हार काय तू खाली आणंनास. म्हटलं, दुखत असतील."

एस.टी. आली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. ते खाली उभे होते, गाडी सुटेपर्यंत हलले नाहीत. मी पदराखाली हात घालून दंड चोळले. खरंच खूप दुखत होते.